बनुबाईचं दार

भिंगारमध्ये कुणालाही विचारा, रंभाजी म्हणजे थापाड्या. लष्कराच्या मेसमध्ये मी उभी हयात पातेली घासली, आणि पातेली घासताना तोंड रिकामंच असतं. रस्त्यात बंद पडलेला रणगाडा मी आमच्या म्हशीला जुंपून आत आणला आणि पुढं कितीतरी दिवस तिच्या दुधाला डिझेलचा वास येत होता, ही माझी गोष्ट भल्या भल्या साहेबांनी ऐकलेली आहे. एका कर्नलने तर म्हैस बघायला मागितली. मी सांगितलं, "साहेब, तिची बदली झाली. झाशीला."

पण माझी सगळ्यात जास्त चाललेली थाप वेगळीच. ती खोक्यात घालून दुकानात विकली गेली आणि पुढं कोर्टातल्या टेबलावर ठेवली गेली. तिची ही हकीकत. हिच्यात म्हैस नाही.

माझा नातू सम्राट, माझ्या भीमराजचा मुलगा, नगरला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. क्लासवाल्याने एक जुना कॉम्प्युटर त्याला देऊन टाकला होता. तो आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाटेशेजारी मांडलेला, आणि त्यावर सम्राट एक खेळ तयार करत होता. खेळ म्हणजे एक अख्खं राज्यच. डोंगर, नद्या, रानं, गावं, आणि लांब टोकाला एक किल्ला, त्यात राक्षस. तुम्ही म्हणजे हातात तलवार घेतलेला एक वीर. राक्षसाकडे सरळच गेलं पाहिजे अशी सक्ती नाही. मनाला येईल तिकडं हिंडा, लोक कामं सांगतील ती करा, चोराचिलटांशी लढा, हळूहळू ताकद वाढवा.

पुण्यात राधाकृष्ण नावाचे एक गृहस्थ होते. ते मुलांच्या खेळांच्या सीड्या काढायचे. त्यांनी सम्राटला सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत पुरा करून आण. पसंत पडला तर खेळ घेतो आणि तुलाही घेतो." पोराने त्या एका वाक्यावर डोळे लावले होते. पुण्याला जायचं, मोठ्या ऑफिसात बसायचं, जिथं आडनाव सांगितल्यावर समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही.

खेळ तपासायचं काम माझ्याकडे. मी रिकामटेकडा, आणि चुका काढायला मला आवडतं.

पहिल्याच गावात विहिरीवर एक बाई उभी. म्हणाली, "माझी नथ हरवली, आणून दे." मी रान पालथं घातलं, एका कोल्ह्याला ठार मारलं, त्याच्या पोटातून नथ काढली. कोल्ह्याने नथ का गिळली होती ते कोल्ह्यालाच ठाऊक. नथ दिली. बाई म्हणाली, "देव तुझं भलं करो." मी वळलो, तोवर ती पुन्हा म्हणते, "माझी नथ हरवली, आणून दे." आणि नथ तिच्या नाकात!

"अरे, ही बाई वेडी आहे का?" मी विचारलं.

"तिला तेवढंच बोलता येतं, आबा. प्रत्येकाला एकच वाक्य दिलंय."

"खरी माणसं असं एकच वाक्य घोकतात का कुठं?"

पुढच्या गावात पाटलाने सांगितलं, लांडगे मारून दे. मारले. मागं वळून बघतो तर तेच लांडगे त्याच जागी हजर, आणि पाटील तसाच हात वर करून उभा. मी म्हटलं, "सम्राट, तुझ्या राज्यात कायबी केलं तरी काही बदलत न्हाई बघ. एवढी मारामारी केली, गावाला पत्ताच न्हाई."

"बदल दाखवायचा तर कामं फार वाढतात," तो म्हणाला.

घरांची तर कमालच. वीर कुणाच्याही घरात घुसायचा, रांजणाचं झाकण काढून पाणी प्यायचा, पेटी उघडून आतलं घ्यायचा. घरमालक शेजारी उभा राहून म्हणायचा, "यंदा पाऊस बरा आहे."

"याला कुणी विचारत न्हाई, कोण रे तू, कुणाचा?"

"नाही विचारत."

"का पण?"

सम्राट पडद्याकडेच बघत होता. "मला ते नकोच आहे त्यात," म्हणाला.

मी वीराला पुढं पिटाळलं. मग लढाई लागली. दरोडेखोरांनी वीराला सगळ्या बाजूंनी घेरलं. घेरलं खरं, पण एकच पुढं यायचा, बाकीचे जागच्या जागी पाय हलवत उभे. तो पडला की दुसरा. मधेच वीराने कनवटीची भाकरी काढून खाल्ली आणि ठणठणीत झाला. दरोडेखोर तोवर थांबले.

"लई संस्कारी दरोडेखोर हायेत," मी म्हटलं. "जेवणाऱ्याला मारत न्हाईत. आणि रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे नंबराने येत्यात."

स्वयंपाकघरातून माझी सून, सम्राटची आई जयमाला हसली. "मामा, तुम्ही असता तर रणगाडाच घातला असता अंगावर."

"आबा, सगळे एकदम आले तर वीर मरतो," सम्राट म्हणाला. "मेला की माणूस खेळ बंद करतो."

"मग पळू दे त्याला."

"पळायचं बटण ठेवलेलं नाही. वीर कशाला पळेल?"

त्या उन्हाळ्यात आमच्या मूळ गावी भावकीत लग्न निघालं. गाव जामखेडच्या पलीकडं, उघड्या माळावर. मी पोटासाठी ते सोडलं ते सोडलंच. सम्राट तर भिंगारातच जन्मला, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरांत वाढला. आमच्या उजवीकडे तमिळ हवालदार, डावीकडे पंजाबी ड्रायव्हर. तिथं तहान लागली की पोरं कुणाच्याही माठात पेला घालायची. त्याला गाव म्हणजे लग्नाला जायची जागा, एवढंच माहीत.

आम्ही मांडवात बसलो. मी लगेच चार म्हातारे गोळा करून रणगाड्याला म्हैस जुंपायला घेतली. सम्राट म्हणाला, "आबा, मी जरा घरं बघून येतो. खेळासाठी दारं काढायचीत. खरी दारं." हातात कागद आणि पेन्सिल. मी म्हटलं, "जा." पुढचं मला त्याने नंतर सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी.

तो वरच्या आळीला गेला. एका घराचं दार त्याला आवडलं. जुनं सागवानी, पितळी फुलांचं, सताड उघडं. समोर ओसरी, ओसरीवर रांजण, रांजणावर पालथा पेला. ऊन मी म्हणत होतं. तो ओसरीवर चढला, झाकण काढलं, पेला बुडवला आणि पाणी प्यायला. कोपऱ्यात एक म्हातारी डाळ पाखडत बसली होती. ती बनुबाई. ती हसली आणि म्हणाली, "पी लेकरा. लई ऊन हाय." सम्राट तिच्यासमोर बसून दार काढायला लागला.

मग तिने सहज विचारलं, "कुनाचा रं तू?"

यानेही सहज सांगितलं. आजोबाचं नाव सांगितलं, खालच्या वस्तीत लग्नाला आलोय म्हणून सांगितलं.

बनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. पण ती काही बोलली नाही. बोलला तो आतून आलेला तिचा नातू हर्षल. सम्राटच्याच वयाचा. "आज्जे, यानी रांजनातलं पानी घेतलं?" त्याने विचारलं. एकदाच. मग ओसरीवरून उडी मारून त्याने आळीत हाक दिली.

ते नंबराने आले नाहीत. सगळे एकदम आले.

सम्राटने कागद टाकला आणि पळाला. आळीतली दारं त्याच्यासमोर एकेक करून लागत गेली. आधी उघडी होती, तो जवळ आला की आतून कडी पडायची. आळीला वळसा घालून तो परत त्याच पितळी फुलांच्या दाराशी आला. कारण त्या एका घरात कुणीतरी त्याच्याकडे बघून हसलं होतं. दार बंद होतं. त्याने हाताने बडवलं. आतून बनुबाईचा आवाज आला, "कोन हाय?"

"मी, आजी. मघाचा."

"कोन हाय?"

त्याने नाव सांगितलं. आतून पुन्हा तेच, "कोन हाय?"

तेवढ्यात ते पोचले. त्याचा उजवा हात दारावरच होता. तो हात त्यांनी दारावरच धरला आणि वर दगड घातला. मग बाकीचा सगळा देह.

ओरडा ऐकून आम्ही मांडवातून धावलो तेव्हा आळीत कुणी नव्हतं. दारं लागलेली. तो उंबऱ्यापाशी पडलेला, आणि पितळी फुलांवरून खाली रक्ताचा ओघळ.

त्याला रातोरात नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे जमादार आले. त्यांच्याबरोबर मी दारोदार फिरलो. आता दारं उघडी होती. पहिल्या घरी विचारलं, काय पाहिलं? "आमी रानात हुतो." दुसऱ्या घरी, "आमी रानात हुतो." खाटेवरून न उठणारा, पायाने अधू म्हातारा, तोही रानात होता. बाळंतीण रानात होती. जमादार शेवटी वैतागून म्हणाले, "मग काल गावात कोण होतं?" समोरची बाई म्हणाली, "आमी रानात हुतो." मला नथवाली बाई आठवली. पोराला मी उगाच हसलो होतो.

सम्राटने ओळखला म्हणून हर्षलला धरलं आणि जामिनावर सोडलं. पुन्हा जबाबाला जाऊन मी एसटीने निघालो तेव्हा तो स्टँडवर चहा पीत होता. गाव जसंच्या तसं. लांडगा आपल्या जागी, पाटील आपल्या जागी.

सम्राटच्या उजव्या हाताची बोटं सिव्हिलमध्ये जोडली, पण ती पुन्हा बोटांसारखी झाली नाहीत. एक डोळा अंधूक राहिला. तो महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी रणगाडा सांगायचो, म्हैस सांगायचो. तो हं म्हणायचा नाही. मग एका दुपारी तो उठला आणि डाव्या हाताने कॉम्प्युटरवर टकटक करायला लागला. जयमाला दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. "मामा, बसला हो. बसला कामाला," म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर त्याने मला खेळायला बसवलं.

नथवाली तशीच होती. लांडगे तसेच. तिकडं त्याने हातच लावला नव्हता. पण वीराने पहिल्या घरातल्या रांजणाचं झाकण काढलं मात्र, घरमालकाने विचारलं, "कुणाचा रे तू?" मी पळायला लागलो. पळायचं बटण होतं आता. सगळे एकदम आले. भाकरी काढायला सवड मिळाली नाही. दारं लागत गेली. प्रत्येक दार वेगळं, प्रत्येकाची कडी वेगळ्या आवाजाची. शेवटी पितळी फुलांचं दार. आतून अक्षरं उमटली: कोण आहे? मी दार वाजवायचं बटण दाबत राहिलो. कोण आहे? कोण आहे? वीर मेला.

मी पुन्हा खेळलो. पुन्हा मेलो. डावीकडून गेलो, उजवीकडून गेलो, नदीतून गेलो.

"सम्राट, यातनं सुटायची वाट कुठली?"

"नाही ठेवली."

पुण्याला मी बरोबर गेलो. त्याच्या हातात कॉम्प्युटरचा डबा उचलायची ताकद नव्हती. तो गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन नेला. शेजारच्या बाईने विचारलं, "बाळ आजारी हाय का वो?" मी म्हटलं, "व्हय, ताप हाय."

राधाकृष्ण माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, सम्राटच्या हाताकडे बघून नजर वळवली, आणि खेळायला बसले. मेले. हसून पुन्हा बसले. मेले. चहा थंड झाला.

"चित्रं अप्रतिम आहेत," ते म्हणाले. "पळताना माझ्या छातीत धडधडलं, खरं सांगतो. पण हे जिंकता येत नाही रे. पैसे देऊन मुलं रडायला बसतील? आणि एवढ्या गावात एकही दार उघडत नाही, हे पटत नाही. एक दार उघडं ठेव. एकच. मी आत्ता खेळ घेतो, पहिल्या तारखेपासून तू कामावर ये."

सम्राट म्हणाला, "एकही उघडलं नव्हतं, सर."

"म्हणजे? हे झालंय?"

सम्राट डावा हात उजव्या हातावर ठेवून बसलेला. मला दिसत होतं, आता हा उठणार, गोधडी गुंडाळणार, आणि आम्ही त्याच एसटीने परत त्याच भिंतीकडे जाणार. पुढचं वाक्य मग मीच बोललो.

"झालंय साहेब. पन पोराला सुद नव्हती, त्याला आठवत न्हाई. उघडलं हुतं की एक दार."

सम्राटने मान वर केली.

आणि मी सुरू झालो. साहेब, बनुबाई नावाची म्हातारी. घरात एकटी. नातू भायेर दगड घेऊन उभा आणि ही आतून कडी काढते. पोराला दंडाला धरून आत ओढते. नातू दारात आला तर म्हणाली, आधी माझ्या छातीवर पाय दे, मंग ह्याच्या अंगाला हात लाव. रांजणातलं पाणी घेतलं, स्वतःच्या लुगड्याचा धडपा फाडला, पोराचा हात बांधला. मी गेलो तेव्हा मांडीवर डोकं घेऊन बसली होती साहेब.

अशी गोष्ट मी आयुष्यात रंगवली नव्हती. लुगड्याचा रंगसुद्धा सांगितला, हिरवा. राधाकृष्णांनी चष्मा काढून पुसला.

"हे घाला," ते म्हणाले. "हेच तर हवं होतं."

परतीच्या एसटीत घाट उतरल्यावर सम्राट म्हणाला, "आबा, मांडीवर डोकं घेतलं म्हणालात तुम्ही. माझं डोकं उंबऱ्यावर होतं."

"व्हय."

"मग हात कुठं मोडला माझा? त्या दारावरच ना?"

"पोरा, नोकरी हाय ती. तू घाल ते दार."

त्याने घातलं. डाव्या हाताने त्याने बनुबाई काढली, हिरव्या लुगड्याची. ती दार उघडायची आणि म्हणायची, "आत ये लेकरा." सगळ्या खेळात तेवढंच खोटं होतं. खेळ बाहेर आल्यावर लोकांनी तेवढंच उचललं. एका पेपरात राधाकृष्णांचं बोलणं छापून आलं, की हे गाव खरं आहे आणि ही म्हातारी खरी आहे. सम्राट पुण्याला ऑफिसात बसायला लागला. जयमालाने गल्लीत पेढे वाटले.

मग ही बातमी गावात पोचली. गावाने नवीन वाक्य पाठ केलं. आता कुणी रानात नव्हतं. सगळे गावातच होते आणि सगळ्यांनी पाहिलं होतं: "बनुबाईनी दार उघाडलं हुतं." गावाने तिला लुगडं-नारळ देऊन सत्कार केला. लुगडं हिरवं घेतलं, एवढी काळजी.

खटला उभा राहिला तेव्हा हर्षलच्या वकिलाने खेळाचं खोकं टेबलावर ठेवलं.

"हा खेळ तुम्हीच केला?"

"हो," सम्राट म्हणाला.

"यात हे दार उघडतं?"

"उघडतं."

वकील न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, ज्या घरानं याला वाचवलं, त्याच घरातल्या पोरानं मारलं असं हा म्हणतो. आणि मारेकरी ओळखतो म्हणतो, पण वाचवणारी आठवत नाही म्हणतो."

सम्राट तसाच उभा राहिला. उजवा हात कठड्यावर होता. तो हात तेवढा सगळ्यांनी बघितला, बाकी कुणी काही बघितलं नाही.

निकाल लागायचा होता तेव्हाची गोष्ट. रविवार होता, सम्राट घरी आलेला. दुपारी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पिशवी पोटाशी धरलेली, पायांवर एसटीची धूळ. मी ओळखलं.

"रामराम, रंभाजी."

"या आक्का," मी म्हटलं. दुसरं सुचलं नाही. माझ्यासारख्याला सुचलं नाही.

ती आत आली, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. जयमालाने तिच्याकडे न बघता पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि आत गेली. बनुबाईने तांब्याकडे पाहिलं, सम्राटकडे पाहिलं.

"तो खेळ कुटं हाय? दाव मला."

सम्राटने लावला. वीर पळाला, लोक मागं लागले, दारं लागली. पितळी फुलांचं दार आलं. उघडलं. हिरव्या लुगड्याची म्हातारी, "आत ये लेकरा." बनुबाई पडद्याजवळ सरकली. डोळे बारीक करून तिने स्वतःला पाहिलं.

"परत लाव."

त्याने परत लावलं. पुन्हा दार उघडलं.

"मी न्हवतं उघाडलं," ती म्हणाली. "कडी माज्या हातात हुती. तू हाका मारत हुता आन् मी कडी धरून हुते. लोक पाया पडत्यात आता माज्या. पोरं इच्यारत्यात, आज्जे, कसं उघाडलं? जेवन जात न्हाई मला. ते दार लावून टाक, बाबा. बंद कर."

"आता बंद होत नाही, आजी," सम्राट म्हणाला. "लोकांच्या घरोघरी गेलंय ते. तिथं ते कायमचं उघडतच राहणार."

सम्राट तिच्यासमोर येऊन बसला. "कोर्टात सांगाल हे? आत्ता जे बोललात ते. एवढंच."

बनुबाईने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"हर्षलचं नाव हाय त्येच्यात," ती म्हणाली. "तिथं न्हाई मला बोलता यायचं. म्हनून तर हितं सांगाय आले."

पडद्यावर दार उघडंच होतं आणि ती हिरव्या लुगड्याची म्हातारी हात पुढं करून उभी होती. बनुबाईने तांब्या उचलला. वरून नाही, तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. "जामखेडची गाडी कितीला हाय?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. वेळ खरी सांगितली.